इजिप्तची ग्रुप टूर: सीमाभागातून निघण्याआधी काय पाहावे, काय विचारावे

इजिप्तच्या टूरची चौकशी करताना बहुतेक जण आधी दिवस आणि दर विचारतात. दोन्ही महत्त्वाचे आहेत, पण सहलीतून समाधान मिळेल की नुसती दमछाक होईल, हे तिसऱ्याच आकड्यावर ठरते. प्रत्यक्ष देवळात, कबरीत आणि संग्रहालयात थांबायला किती तास मिळणार, हा तो आकडा. कोणत्याही माहितीपत्रकात तो छापलेला नसतो. तो आपणच काढायचा, आणि पैसे भरण्याआधी काढायचा.

कार्यक्रमपत्रिका वाचताना

दिवसवार कार्यक्रम मागवून घ्या आणि प्रत्येक दिवसासमोर तीन आकडे लिहा: प्रवासाचे तास, स्थळावरचे तास, दुकानांतले तास. जिथे कळत नाही तिथे कंपनीला फोन करून विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागा. 'पॅनोरॅमिक', 'ड्राइव्ह पास्ट', 'फोटो स्टॉप' असे शब्द दिसले तर ते ठिकाण बसच्या खिडकीतून किंवा रस्त्याकडेला दहा मिनिटे थांबून दिसणार असे समजा. तिकीट काढून आत नेणार असतील तर 'प्रवेश समाविष्ट' असे स्पष्ट लिहिलेले असते.

तुलनेसाठी किमान वेळ असा धरा. गिझाचे पठार ३ तास, ग्रँड इजिप्शियन म्युझियम ४ तास, लक्सरची राजांची दरी (राजांच्या कबरी) ३ तास; देवळांपैकी कर्नाक अडीच तास, अबू सिंबेल २ तास, एडफू आणि फिले प्रत्येकी दीड तास. याच्या निम्मा वेळ देणारी टूर स्वस्त असली तरी महागच पडते, कारण तिकडे पुन्हा जाणे सहसा होत नाही.

पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद), अत्तर, अलाबास्टर दगड आणि कापूस यांची दुकाने जवळजवळ प्रत्येक टूरमध्ये असतात. एका दुकानात पाऊण ते एक तास सहज जातो. कार्यक्रमात अशी किती दुकाने आहेत ते आधीच विचारा. चार-पाच असतील तर तेवढा वेळ कर्नाकमधून किंवा संग्रहालयातून कापला जातो.

माहितीपत्रक जुने तर नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा कुठे पाहणार असे लिहिले आहे ते बघा. कैरोत आता तीन मोठी संग्रहालये आहेत. ताहरीर चौकातले जुने १९०२ चे. फुस्तातमधले नॅशनल म्युझियम ऑफ इजिप्शियन सिव्हिलायझेशन, जिथे ३ एप्रिल २०२१ रोजी २२ राजेराण्यांच्या ममी मिरवणुकीने नेल्या. आणि पिरॅमिडांजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम, ज्याचे औपचारिक उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. मुखवट्यासह तुतनखामेनच्या कबरीतला पाच हजारांहून अधिक वस्तूंचा ठेवा आता या तिसऱ्या ठिकाणी आहे. पत्रकात अजून 'ताहरीर संग्रहालयात मुखवटा' असे असेल तर कंपनीने कार्यक्रम नव्याने तपासलेला नाही.

चांगला क्रम

आठ-नऊ रात्रींची टूर असेल तर हा क्रम सर्वांत उपयोगी ठरतो. सुरुवातीला कैरोत दोन रात्री, मग विमानाने अस्वान, तिथून अबू सिंबेल, अस्वान ते लक्सर तीन रात्रींची नाईल क्रूझ, पुन्हा कैरो आणि मोठे संग्रहालय सर्वांत शेवटी. बहुतेक कंपन्या संग्रहालय पहिल्याच दिवशी उरकतात, कारण विमानतळावरून येताना ते सोयीचे पडते. पण कबरी आणि देवळे पाहून झाल्यावर काचेमागची खुर्ची, रथ, पेट्या कुठून आल्या हे आपोआप कळत जाते. आधी पाहिले तर नुसते सोने दिसते. वीस-पंचवीस जणांचा तुमचाच गट असेल, महिला मंडळ असो, पतसंस्थेचे सभासद असोत की ज्येष्ठ नागरिक संघ, तर हा बदल मागायला हरकत नाही.

पिरॅमिडांचाही क्रम आहे. जमल्यास सक्कारा, मग दहशूर, मग गिझा असे जा. सक्काऱ्यात जोसर राजाचा सहा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. २७ व्या शतकातला, इम्होतेपने बांधलेला. दहशूरला स्नेफेरू राजाचा वाकडा पिरॅमिड दिसतो. खालचा उतार सुमारे ५४ अंशांचा, आणि बांधकाम डगमगू लागल्यावर वर तो ४३ अंशांवर आणलेला. शेजारीच त्याचा लाल पिरॅमिड आहे, सुरुवातीपासून कमी उताराचा. मग गिझाला त्याच्या मुलाचा, खुफूचा पिरॅमिड, मूळ उंची सुमारे १४६ मीटर. चुकत, सुधारत शिकलेले कारागीर या क्रमाने डोळ्यांसमोर उभे राहतात. अनेक पॅकेजमध्ये सक्कारा-दहशूर 'ऑप्शनल' असतात. दुसरे काही गाळा, पण हे घ्या.

तारीख

ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य. उन्हाळ्यात लक्सर-अस्वानला पारा चाळिशी ओलांडतो आणि राजांच्या दरीत सावली नाही. चिकोडी, अथणी, निपाणी भागात नोव्हेंबरपासून ऊसतोड असते, खानापूरकडे भाताची सुगी. म्हणून शेतकरी कुटुंबे बहुधा फेब्रुवारीकडे वळतात. तेव्हा रमजान कधी येतो ते पाहून घ्या. २०२७ मध्ये तो ८ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. त्या महिन्यात बरीच स्थळे लवकर बंद होतात आणि दिवसाचा कार्यक्रम आखडतो. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात, त्यासाठी प्रचंड गर्दी होते. मूर्ती निवांत पाहायच्या असतील तर हे दोन दिवस टाळा.

कागदपत्रे: सीमाभागातली खरी अडचण

पासपोर्ट चार महिने आधी हाती असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्र किंवा हुबळीचे पासपोर्ट सेवा केंद्र, जिथे आधीची तारीख मिळेल ते निवडा. ३६ पानी नव्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये, तत्काळसाठी २००० जादा. अर्ज देशात कुठेही करता येतो, पण पोलीस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावरच होते. मूळ गाव चंदगड तालुक्यात आणि बिऱ्हाड बेळगावात असेल तर जिथे प्रत्यक्ष राहता तोच पत्ता द्या.

अर्ज अडतात ते बहुधा नावाच्या स्पेलिंगवर. शाळेचा दाखला मराठी शाळेतला, आधार कन्नड-इंग्रजीत, पॅनवर आणखी तिसरेच. कुठे पूर्ण नाव-वडिलांचे नाव-आडनाव, कुठे आडनावापुढे नुसती आद्याक्षरे. आधी आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर विमान तिकीट आणि व्हिसा दोन्हीकडे प्रश्न येतात. बेळगाव शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ 'बेळगाम' असेल तर ते चालते, पण व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर छापले आहे तसेच, अक्षरशः तसेच लिहा.

इजिप्तसाठी भारतीयांना व्हिसा लागतो आणि ग्रुप टूरमध्ये त्याचे काम कंपनी करते. ती साधारणपणे बँकेची उलाढाल, आयकर विवरणपत्रे, फोटो आणि नोकरी असल्यास रजेचे पत्र मागते. शेतीचे उत्पन्न असणाऱ्यांकडे विवरणपत्र नसते आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो. त्याचे नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. साखर कारखान्याचे बिल बँकेत जमा झाल्याच्या नोंदी उपयोगी पडतात. खात्यात शेवटच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, ती लगेच डोळ्यांत भरते.

पैसे कोणाला आणि कशाचे

बेळगाव-निपाणीतले अनेक एजंट मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांच्या टूर विकतात. त्यात वावगे काही नाही, उलट कागदपत्रांसाठी हाताशी माणूस मिळतो. पण पावती मूळ कंपनीच्या नावाची घ्या, पैसे तिच्याच खात्यात चेकने किंवा ऑनलाइन भरा, आणि रद्द केल्यास किती कापणार याचे तिचेच नियम लेखी मागा. ग्रुप भरला नाही तर काय, हा प्रश्न हमखास विचारा. तारीख पुढे ढकलणार, दुसऱ्या ग्रुपमध्ये घालणार की पैसे परत देणार? हे ठरेपर्यंत मुंबईपर्यंतची परत न मिळणारी तिकिटे काढू नका.

दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवण्याआधी प्रत्येकात पुढील खर्च मिळवा: जीएसटी, टीसीएस (परदेशी टूरच्या बिलासोबत कंपनी आगाऊ वसूल करते तो आयकर), व्हिसा, विमा, टिप्स, पॅकेजमध्ये नसलेली जेवणे, ऑप्शनल तिकिटे, अंतर्गत विमान, आणि बेळगाव-मुंबई जाणे-येणे. बेरीज झाल्यावर स्वस्त वाटलेले पॅकेज बऱ्याचदा महाग निघते. एकटे जाणाऱ्यांनी खोलीत जोडीदार मिळणार की सिंगलचे जादा पैसे पडणार, हे बुकिंगच्या दिवशीच ठरवून घ्यावे.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी काहीही लपवू नका. लपवलेल्या आजारावरचा दावा फेटाळला जातो. वैद्यकीय संरक्षण निदान ५०,००० डॉलरचे असावे. लक्सरला हॉट एअर बलूनची फेरी विकली जाते. ती विम्यात धरली आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका बलून अपघातात १९ पर्यटक दगावले होते.

गाइड आणि भाषा

मराठी टूर मॅनेजर सोबत असला तरी स्थळांवरची माहिती परवानाधारक इजिप्शियन गाइडच देतो आणि बहुधा इंग्रजीत. राजांच्या दरीतल्या कबरींमध्ये आणि अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात त्यालाही बोलायची परवानगी नसते. सगळे बाहेर, फलकासमोर सांगतो. त्या पंधरा मिनिटांत पाणी-टोपी-सेल्फीत गुंतलेल्यांना आत नुसती चित्रे दिसतात. टूर मॅनेजरने आदल्या रात्री जेवणानंतर मराठीत अर्धा तास पूर्वकल्पना द्यावी, अशी मागणी बुकिंग करतानाच करा. चांगले मॅनेजर आनंदाने करतात. ग्रुप पंचविसाहून मोठा असेल तर कानातला हेडसेट मिळतो का, हेही विचारा. कर्नाकच्या गर्दीत चौथ्या ओळीपलीकडे आवाज पोचत नाही.

थोडी तयारी घरीच होते. सहा देवता ओळखता आल्या तरी भिंती बोलू लागतात: ममीसारखा गुंडाळलेला ओसायरिस, त्याची पत्नी आयसिस, ससाण्याच्या तोंडाचा होरस, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, गायीच्या कानांची हाथोर, मगरीच्या तोंडाचा सोबेक. लंबगोल चौकटीत कोरलेली अक्षरे म्हणजे राजाचे नाव. देवळाची मांडणी हलशीच्या वराह-नरसिंह मंदिरात गेलेल्याला परकी वाटणार नाही: उजेडाच्या प्रांगणातून खांबांच्या मंडपात, तिथून अंधाऱ्या गाभाऱ्याकडे. इजिप्तमध्ये आत जाताना जमीन हळूहळू चढते आणि छत उतरते, हे पायांनी जाणवू द्या. एडफूला ते सर्वांत नीट कळते, कारण इ.स.पू. २३७ ते ५७ या काळात बांधलेले ते देऊळ जवळजवळ पूर्ण उभे आहे.

स्थळांवर काय निवडावे

खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायला वेगळे तिकीट आहे. आतला चढता बोगदा सुमारे ३९ मीटर लांब, उंची जेमतेम १.२ मीटर, चढ २६ अंशांचा. म्हणजे वाकून, गरम हवेत, समोरून उतरणाऱ्यांना वाट देत चढायचे. वर ग्रॅनाइटच्या खोलीत एक रिकामी दगडी पेटी आहे, चित्रे नाहीत. गुडघे, दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावे. त्यांचे पाहण्यासारखे फार काही हुकत नाही.

राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन कबरी येतात, आणि इथे सर्वाधिक गोंधळ होतो. ग्रुप पहिल्या दिसतील त्या तीन कबरींत शिरतो. आधी ठरवून जा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चौथ्या रामसेसची कबर उत्तम, प्रवेशद्वाराजवळ आणि सौम्य उताराची. तिसऱ्या रामसेसच्या कबरीत रंग आणि विषयांची विविधता भरपूर. मेरेनप्ताहची खोल आणि उताराची आहे, पाय मजबूत असतील तरच. काही कबरी आळीपाळीने बंद असतात, म्हणून पाच नावे लिहून न्या. तुतनखामेन, पहिला सेती, आणि पाचव्या-सहाव्या रामसेसची कबर यांना वेगळी तिकिटे लागतात. तुतनखामेनची कबर लहान आहे. त्याची ममी तिथेच आहे, पण खजिना नाही. एकच जादा तिकीट घ्यायचे तर सहाव्या रामसेसचे घ्या. छतावर ताणलेली आकाशदेवता नूत, जी संध्याकाळी सूर्य गिळते आणि पहाटे त्याला जन्म देते, मान दुखेपर्यंत पाहावी अशी आहे.

कर्नाकच्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत, मधले बारा सुमारे २१ मीटर उंच. सगळे खांबांच्या बुंध्याशी फोटो काढतात. वर, तुळयांच्या खालच्या बाजूला पाहा, ऊन-वाऱ्यापासून वाचलेला मूळ रंग तिथे आहे.

अबू सिंबेल अस्वानपासून सुमारे २८० किलोमीटर. बस पहाटे चारच्या आसपास निघते, नाश्त्याचा डबा हातात मिळतो. दुसऱ्या रामसेसचे हे देऊळ अस्वान धरणाच्या पाण्यात जाणार होते. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने ते कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा रचले. एवढे अंतर नको म्हणून काही कंपन्या ते ऐच्छिक ठेवतात. सात तासांचा प्रवास आणि दोन तासांचे दर्शन हा हिशेब तोट्याचा दिसतो, तरीही जा. तासांच्या नियमाला हा एकच अपवाद.

क्रूझ, जेवण, औषधे

बोटी धक्क्याला एकमेकींना खेटून लागतात, त्यामुळे खिडकीतून नदीऐवजी शेजारच्या बोटीची खोली दिसू शकते. पडदा ओढून घ्या आणि नदी वरच्या डेकवरून पाहा. वाटेवरच्या कोम ओम्बोच्या देवळात बहुधा संध्याकाळी पोचतात, बॅटरी आणि पातळ स्वेटर जवळ ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा असतो.

पोट बिघडणे ही इथली सर्वांत नेहमीची तक्रार आहे. फक्त बाटलीबंद पाणी प्या, दातही त्यानेच घासा. बर्फ, कापून ठेवलेली फळे आणि कच्चे सॅलड टाळा. ओआरएसची दहा पाकिटे सोबत असू द्या. शाकाहारींची उपासमार होत नाही: वालासारख्या दाण्यांची 'फुल' नावाची उसळ, त्याच दाण्यांचे वडे म्हणजे तामेया, आणि भात-मसूर-मॅकरोनीची कोशारी सगळीकडे मिळते. कांदा-लसूण मात्र बहुतेक पदार्थांत असतो, म्हणून जैन जेवण बुकिंगच्या फॉर्मवर लिहून घ्यावे लागते. भडंग, शेंगाची चटणी, खाकरे जरूर न्या. कुंदा मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या बॅगेत असा मऊ पदार्थ तपासणीत अडतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत.

औषधांची एक गोष्ट फार गंभीर आहे. आपल्याकडे पाठ-गुडघ्यांसाठी दिल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांत ट्रामाडॉल असते. इजिप्तमध्ये त्यावर कडक नियंत्रण आहे आणि ते बाळगल्याबद्दल परदेशी पर्यटकाला तुरुंगवास झालेला आहे. सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा, हा घटक असेल तर पर्याय लिहून घ्या. बाकीची औषधे मूळ पाकिटात आणि घटकांची नावे असलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. ड्रोन नेऊ नका, तो विमानतळावरच जप्त होतो.

पायांची तयारी महिनाभर आधी सुरू करा. रोज पाच किलोमीटर चाला, आठवड्यातून एकदा येळ्ळूरचा राजहंसगड चढा. टूरसाठी घेतलेले बूट घालून एक दिवस बदामी-पट्टदकल करून या. लेण्यांच्या पायऱ्यांवर बूट कुठे चावतात ते कळते, आणि दुरुस्तीला वेळ असतो.

मुंबई गाठताना

मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख लोकांना हमखास फसवते. तिकिटावर '१४ तारीख, पहाटे ३.४०' असेल तर विमानतळावर १३ तारखेला रात्री पावणेबाराला हजर व्हायचे असते, म्हणजे बेळगावातून १२ च्या रात्रीच निघावे लागते. दादरकडे जाणारी रात्रीची रेल्वे किंवा स्लीपर बस घ्या आणि दिवसभर विश्रांतीसाठी खोली ठेवा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान घेतले तरी त्याच दिवशीच्या जोडणीवर विसंबू नका. एक उड्डाण रद्द झाले तर ग्रुप तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही बुडतात.

सोबत डॉलरच्या नव्या, डाग-शिक्का नसलेल्या नोटा ठेवा, सुटे करून काही इजिप्शियन पौंडही. टिप म्हणजे 'बक्षीश' तिथे पावलोपावली मागितली जाते. बहुतेक स्थळांच्या तिकीट खिडकीवर कार्डच चालते, म्हणून जादा तिकिटांसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले कार्ड हवे. आपली तीन पिनांची मोठी प्लग तिथे बसत नाही, गोल दोन पिनांचा ॲडॉप्टर लागतो. पपायरस विकत घेताना उजेडासमोर धरा: खऱ्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते, दुमडल्यावर तो तडकत नाही.

परत आल्यावर एक काम उरते. पॅकेजवर कापलेला टीसीएस ज्याच्या पॅनवर बिल आहे त्याच्या खात्यात जमा होतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील कराच्या नोंदीत तो दिसतो का पाहा आणि विवरणपत्रात वजा करून घ्या. आई-वडिलांचे उत्पन्न करपात्र नसेल आणि बिल त्यांच्या नावाने असेल तरी रक्कम परत मिळते, मात्र त्यासाठी त्यांना त्या वर्षीचे विवरणपत्र भरावेच लागते. म्हणून बिल कोणाच्या नावाने काढायचे, ते बुकिंगच्या दिवशीच सांगून ठेवा.